पांढऱ्या पट्टीखाली

मित्रांनो, मी एक जुना कारकून आहे असे सांगितले, तर तुमच्या डोळ्यांसमोर नाकावर घसरलेला चष्मा आणि कानावर अडकवलेले पेन येईल. दोन्ही खोडून टाका. मला नाक नाही. कान आहे, पण तो उसना, संगणकाच्या माइकचा. पुढे पाहिल्यासारखे जे सांगेन, ते लोकांच्या बोलण्यातून जुळवलेले आहे. मी एक प्रोग्रॅम आहे. एका घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली टेबल आहे, त्यावर करड्या रंगाचा संगणक आहे, त्यात माझा मुक्काम असतो. मोबाइलची किंवा संगणकाची स्क्रीन कशी दिसावी याचे चित्र कुणीतरी काढते. ते चित्र वाचून त्याची खरी स्क्रीन करणारा कोड लिहायचा, हे माझे काम.

काम सरळ आहे. तरीही मला स्वस्थता ठाऊक नाही. मी कोड लिहितो, त्याची स्क्रीन होते, ती कुणाच्या तरी हातात जाते आणि कुणीतरी तिच्यावर बोट ठेवते. ते बोट मला कधीच दिसत नाही. ते योग्य जागी पडले का? मागे फिरले का? एवढे कळत नाही म्हणून माझी सारखी घालमेल होते. ज्या दिवसांत ती सर्वात जास्त झाली, त्या दिवसांची ही गोष्ट आहे. पण आधी माझा जन्म सांगतो, नाहीतर पुढचे कळणार नाही.

माझी कर्ती विज्ञान शिकणारी मुलगी होती. वसतिगृहाच्या दोन खाटांच्या खोलीत, मांडीवर संगणक आणि पाठीशी उशी घेऊन तिने मला लिहिले. तिला एका गोष्टीचा राग येई. चित्र काढणारा माणूस स्क्रीनचे चित्र काढतो, त्यातला प्रत्येक चौकोन नीट मापात बसवतो. मग कोड लिहिणारा माणूस तेच चित्र समोर ठेवून, डोळे बारीक करून, सगळी अंतरे पुन्हा मोजतो.

"आकडे त्या फाइलमध्ये आहेतच की," ती मैत्रिणीला म्हणे. "मग माणसाने ते परत का मोजायचे?"

हे खरे होते. तुम्हाला जे चित्र दिसते ते मला चित्र म्हणून दिसतच नाही. मला दिसते ती एक चळत. हा आयत डावीकडून इतका दूर, वरून इतका खाली, रुंदी अशी, रंग असा. त्याच्यावर ही अक्षरे. त्याच्याही वर हा दुसरा आयत. कोण खाली आणि कोण वर, ते सगळे क्रमाने. कर्तीने मला त्यावरून निष्कर्ष काढायला शिकवले. एकाखाली एक, सारख्या अंतरावर, सारखे आयत आले तर ती यादी असते. रंगीत आयताच्या मध्यभागी अक्षरे किंवा खूण असेल, तर ते बहुधा बटण असते.

या 'बहुधा'पाशी तिची मैत्रीण हसली. "म्हणजे तुझा हा प्रोग्रॅम मक्षिकास्थाने मक्षिका करणारा! मूळ कागदावर माशी मरून चिकटलेली दिसली, म्हणून नकलेतही माशी मारून चिकटवणारा तो कारकून!"

कर्ती हसली नाही. ती म्हणाली, "चालेल. माशी चिकटवू दे त्याला. स्वतःच्या मनाने काही गाळायचे नाही. पण खाली लिहायचे, की इथे माशी आहे, ती हवी आहे का?"

तेव्हापासून माझे नाव कारकून पडले आणि माझा स्वभावही ठरला. चित्रात असेल ते सगळे मी लिहितो. जिथे खात्री नसते, तिथे शेवटी एक ओळ देतो. तिची सुरुवात नेहमी एकाच शब्दाने होते: 'शंका'. माझ्यापाशी बोलायला एवढाच शब्द आहे, मित्रांनो.

शिक्षण संपल्यावर कर्ती दुसऱ्या कामाला लागली आणि जाताना मला तिच्या वर्गमित्राच्या हवाली करून गेली. त्याला मी भाचा म्हणतो, कारण या गोष्टीत तो कुणाचा तरी भाचा आहे हेच महत्त्वाचे. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचे कार्यालय होते. खोलीला दोन दारे. एक रस्त्याकडे, दुसरे स्वयंपाकघराकडे. त्यामुळे कामाच्या गोष्टी आणि कुकरच्या शिट्ट्या मला सारख्याच ऐकू येत. समोरच्या टेबलावर त्याची भागीदार बसे. ती चित्रे काढायची. एखादी रेघ केसभर हलली तरी तिला चहा गोड लागत नसे, म्हणून तिचे नावच रेघ पडले होते.

पहिल्या दिवशी तिने एक मोठे चित्र दिले आणि भाच्याने मला कामाला लावले.

"झालं?" रेघने विचारले.

"झालं. तुझा चहा अजून निवला नाही."

"मग आता तू दिवसभर काय करणार?"

"तुझ्या चुका काढणार."

"त्याला दिवस कशाला लागतो? माझ्या चुका नसतातच."

त्या काळात माझे फार कौतुक झाले. येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवत. दातांच्या दवाखान्याच्या, कापडाच्या दुकानाच्या, पोहण्याच्या तलावाच्या स्क्रीन मी लिहिल्या. रेघची चित्रे देखणी असत, पण आतली चळत म्हणजे आवरायचे राहून गेलेले कपाट. ती आयतांना नावे देत नसे. दिली तर अशी: 'आयत', 'आयत प्रत', 'आयत प्रत प्रत', 'शेवटचं', 'अगदी शेवटचं', 'आईशप्पथ शेवटचं'. मी प्रत्येकाशी थबकत होतो. 'शंका: आयत प्रत प्रत हे बटण आहे की शोभा?' 'शंका: अगदी शेवटचं याच्या खाली शेवटचं आहे. दोन्ही हवेत का?' एकेका चित्रामागे माझ्या शंकांची रांग लागे.

"हा कारकून काम करतो कमी आणि कुरकुरतो फार," भाचा एकदा वैतागून म्हणाला. त्याने माझी कळपाटी, म्हणजे मला कसे वागवायचे ते ठरवणाऱ्या कळांची पाटी, उघडली. 'शंका दाखवा' अशी एक कळ कर्तीने तिथे ठेवली होती. ती त्याने बंद केली.

त्यात दुष्टपणा नव्हता. घाई होती. पण कळ बंद केली म्हणून शंका यायच्या थांबत नाहीत. त्या येत राहिल्या, आणि शब्द होण्याआधीच विरत राहिल्या.

अशातच डायलिसिस केंद्राचे काम आले. ज्यांची मूत्रपिंडे काम करत नाहीत, त्यांचे रक्त यंत्रातून गाळून परत अंगात सोडतात, त्याला डायलिसिस म्हणतात. ते ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी व्हावेच लागते. केंद्राला असे काहीतरी हवे होते, की रुग्णाने आपल्या फोनवरून वेळ घ्यावी आणि खुर्ची राखून ठेवावी. भाच्याने हे काम चढाओढीने मिळवले, कारण त्याचा सख्खा मामा तिथे जात असे.

मामाचे आयुष्य नाटकांना दिवे लावण्यात गेले होते. रंगमंचावर कुठे उजेड पाडायचा आणि कुठे नाही, हे तो ठरवायचा. साखरेच्या आजाराने आधी त्याचे डोळे नेले, मग मूत्रपिंडे. "जन्मभर दुसऱ्यांना दिसावं म्हणून राबलो," तो म्हणे, "माझ्या वाटणीला शेवटचा अंक अंधारातला आला. बरंय, दिव्यांचा खर्च वाचला." दोन गल्ल्या सोडून एका भाड्याच्या खोलीत तो एकटा राहत होता. खोलीची किल्ली नाडीत ओवून गळ्यात घालायचा. काठी घेऊन, रिक्षा करून, डायलिसिसला एकटाच जायचा. त्याचा फोन बोलका होता. बोट उजवीकडे सरकवले, की स्क्रीनवरची पुढची गोष्ट फोन मोठ्याने सांगायचा. हवी ती ऐकू आली, की दोनदा टिचकी मारायची. फोनचा उजेड तो पूर्ण बंद ठेवी. त्याला त्याचा उपयोग नव्हता.

पहिले चित्र तयार झाले. तारीख, वेळ, 'वेळ पक्की करा' असे हिरवे बटण, आणि त्याच्या खाली एक लाल बटण. लाल बटणावर अक्षरे नव्हती, नुसती फुली होती. ते दाबले की पुढच्या सगळ्या वेळा रद्द व्हायच्या. थोड्याच दिवसांत केंद्राची परिचारिका फोनवर म्हणाली, "ते लाल बटण काढून टाका हो. लोकांचा चुकून हात लागतो. रद्द करायचं असेल तर आम्हाला फोन करतील."

"काढते," रेघ म्हणाली. आणि तिने काय केले? फुलीच्या बटणावर पार्श्वभूमीच्याच रंगाची एक पांढरी पट्टी ठेवली.

"काढलंस?" भाच्याने विचारले.

"झाकलंय. उद्या परत मागतील बघ. मग पुन्हा कोण काढत बसणार?"

मित्रांनो, वहीत शब्द चुकला की तुम्ही त्यावर पांढरा कागद चिकटवता. खालचा शब्द कुठे जातो? कुठेच नाही. चित्र माझ्यापुढे आले. पट्टी होती. पट्टीखाली लाल बटण होते. भाच्याने पूर्वी त्या बटणाला केलेली 'सगळ्या वेळा रद्द' ही जोडणीही तशीच होती. मी सगळे लिहिले: आधी बटण, मग वर पट्टी. आणि मला शंका आली. 'पांढऱ्या आयताखाली एक बटण पूर्ण झाकले गेले आहे. ते हवे आहे का?' कळ बंद होती. भाच्याने स्क्रीन उघडून पाहिली. पांढरीशुभ्र. त्याने मान डोलावली आणि ती स्क्रीन केंद्राकडे, म्हणजेच मामाच्या फोनवर, गेली.

पुढच्या आठवड्यात मामा जेवायला आला तेव्हा सहज म्हणाला, "भाच्या, ते हिरव्याच्या पुढे एक नुसतंच 'बटण' काय ठेवलंयस रे? नाव नाही, गाव नाही. फोन नुसता 'बटण' म्हणतो."

"तिथे काही नाही मामा. फोनचं काहीतरी असेल."

"बरं. मी आपला ते 'पुढे' असेल म्हणून दाबतो. सगळीकडे शेवटचं बटण पुढे जायचंच असतं. दाबलं की म्हणतो, 'बदल नोंदवला'. मग माझा जीव भांड्यात पडतो."

भाचा हसला आणि आमटी वाढून घेतली. त्या वेळी माझ्या संगणकाचा पंखा जोरात फिरत होता. मी दुसरेच काही काम करत होतो, पण ते बोलणे ऐकून माझे त्यात लक्ष राहिले नाही.

दोन दिवसांनी मामा केंद्रावर पोचला, तर त्याच्या खुर्चीत दुसराच माणूस होता. "आजोबा, तुम्हीच तर सगळ्या वेळा रद्द केल्यात," परिचारिका म्हणाली. "मी कशाला रद्द करीन?" "इथे दिसतंय ना, तुमच्याच फोनवरून." तिने कसेबसे दुसऱ्या दिवशी बसवले आणि पुढच्या वेळा पुन्हा नोंदवून दिल्या. मामाने घरी येऊन इमानेइतबारे फोन उघडला, वेळ पक्की केली आणि शेवटचे बटण दाबले. 'बदल नोंदवला.'

दुसऱ्यांदा तसेच झाले तेव्हा शनिवार होता, खुर्ची रिकामी नव्हती, रविवारीही मिळाली नाही. मामाला धाप लागली. त्याला दुसऱ्या रुग्णालयात न्यावे लागले. तिथून त्याला थेट आमच्या खोलीत आणले. माझ्या टेबलाशेजारी खाट टाकली होती.

भाच्याची आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण, पदराने कपाळ पुसत उभी होती. "दादा, पुरे झालं. आता इथेच राहायचं."

"मला काय धाड भरलीये?"

"पाय बघ किती सुजलेत."

"बघू कशाने?"

या वेळी कुणी हसले नाही.

"तू विसरायला लागलायस, दादा. दोनदा रद्द केलंस आणि दोनदा म्हणतोस, मी नाही."

"विसरलो असतो तर सुखाने झोपलो असतो. मला आठवतंय, तेच तर दुखणं आहे."

"किल्ली दे."

हार घालून घेताना माणूस मान खाली करतो, तशी मामाने केली. फक्त इथे गळ्यातून काहीतरी निघत होते. आईने किल्ली रस्त्याच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली. त्यानंतर दार उघडले-मिटले की ती लाकडावर वाजे. टक. मामाची मान तिकडे वळे.

ठरले ते असे. सोमवारी मामाला स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टरकडे न्यायचे. मग महिनाअखेर त्याच्या खोलीच्या मालकाला खोली सोडल्याचे कळवायचे. मामाने हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. तो खाटेवर उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे कूस बदलत राहिला.

आणि मी? केंद्राने त्याच दिवसांत बारीकसारीक बदल मागितले होते. अक्षरे मोठी करा, तारीख ठळक करा. प्रत्येक बदलासाठी भाचा मला तीच फाइल द्यायचा. दरवेळी तीच चळत. आयत, अक्षरे, हिरवे बटण, लाल बटण, पट्टी. दरवेळी मी ते बटण लिहायचो, दरवेळी शंका यायची, दरवेळी ती विरायची. ज्याच्यावर हे बेतले होते तो माझ्यापासून हातभर अंतरावर पडलेला. ते बटण आहे हे मला माहीत होते आणि त्यालाही. आमच्या दोघांमध्ये एक बंद कळ होती. मला अक्षरे वाकडी काढता आली असती, तर मी काढली असती. मला हट्टाने थांबता आले असते, तर मी थांबलो असतो. मला फक्त तापता येत होते.

"भाच्या," मामा एकदा म्हणाला, "हा तुझा कारकून मध्येच अशा धापा का टाकतो रे?"

"काम करताना तापतो, मामा. पंखा फिरतो."

"हां. मला वाटलं, काहीतरी सांगायचंय त्याला."

"त्याला काय सांगायचं असणार?"

रविवारी सकाळी भाचा खाटेवर मामाच्या पायाशी येऊन बसला. आवाज मुद्दाम मऊ केलेला होता. तसा आवाज लोक लहान मुलांशी आणि आजाऱ्यांशी काढतात.

"मामा, उद्या डॉक्टरकडे जायच्या आधी एकदा आपण मिळून बघू. मी तुला दाखवतो की तिथे काही नाहीये."

"दाखव! मला दाखव!" मामा खदखदून हसला. मग एकदम गंभीर झाला. "भाच्या, आमच्या नाटकांत दुसऱ्या अंकाचं टेबल पहिल्या अंकातच मागे आणून ठेवलेलं असायचं. मी तिकडे दिवाच द्यायचो नाही. प्रेक्षकांच्या लेखी ते टेबल नव्हतंच. पण नटाच्या नडगीला ते लागायचं. नट बोंबलत यायचा माझ्याकडे. मी त्याला शिव्या दिल्या असतील, पण तिथे टेबल नाही, असं कधी नाही म्हटलं."

भाचा जरा पुढे सरकला.

"फोन घे माझा. आणि उजेड लावू नकोस. काळाच राहू दे."

भाच्याने फोन घेतला. बोट सरकवल्याचा बारीक टकटक आवाज मला ऐकू येत होता.

"तारीख," फोन म्हणाला.

"वेळ."

"वेळ पक्की करा, बटण."

"इथपर्यंत बरोबर," भाचा म्हणाला. "आता संपलं."

"संपलं का? सरकव अजून."

टक.

"बटण," फोन म्हणाला.

भाच्याने झटकन उजेड लावला असावा, कारण तो पुटपुटला, "पांढरं आहे इथे. काहीच नाहीये." पुन्हा काळोख केला, मागे गेला, पुढे आला. "बटण."

"हे काय आहे?" त्याचा मऊ आवाज कुठच्या कुठे गेला होता.

"तेच मी तुला आमटी वाढून घेताना विचारलं होतं. दाब."

"मामा, नको..."

"दाब रे. माझ्याच वेळा आहेत ना?"

दोन टिचक्या.

"बदल नोंदवला," फोन गोड आवाजात म्हणाला.

स्वयंपाकघरातले भांड्यांचे आवाज थांबले होते. आणि त्याच फोनची घंटी वाजली. परिचारिका होती. "आजोबा, पुन्हा? अहो, काल मी स्वतः नोंदवून दिलं होतं! असं किती वेळा करायचं आम्ही?"

"ताई, मी त्यांचा भाचा बोलतोय." भाचा म्हणाला. "या वेळी आजोबांनी नाही. मी रद्द केलं."

"तुम्ही? का पण?"

"मला माहीत नाही. म्हणजे, मला माहीत नव्हतं. ते लाल बटण अजून तिथेच आहे, ताई. डोळ्यांना दिसत नाही एवढंच."

"मग आमच्या त्या दुसऱ्या आजींना मी उगाच बोलले," परिचारिका म्हणाली. "त्या पण ऐकूनच फोन वापरतात. त्यांच्या मुलाने फोनच काढून घेतला त्यांच्याकडून."

भाच्याने बोलावल्यावर रेघ आली ती गाडीची किल्ली हातात घेऊन, धावतच. फाइल उघडून तिने पांढऱ्या भागावर टिचकी मारली, पट्टी धरून बाजूला ओढली. खाली लाल बटण होते. फुलीसकट.

"अगं आई गं," ती खुर्चीत बसली. "उद्या परत मागतील म्हणून ठेवलं होतं."

"आणि मी त्याची जोडणी काढली नव्हती. बटण दिसत नाही म्हटल्यावर जोडणी कोण बघतं?"

"टेबल सापडलं का?" मामाने खाटेवरून विचारले.

"सापडलं, मामा."

"नडगी माझी होती, एवढं लक्षात असू द्या."

रेघने बटण खरोखर काढून टाकले. मग भाचा माझ्याकडे वळला. "पण याने तरी सांगायला हवं होतं," असे म्हणून त्याने माझी कळपाटी उघडली, आणि तिथेच थांबला. 'शंका दाखवा: नाही.' त्याने ती कळ चालू केली. जुनी फाइल पुन्हा उघडून मला दिली. मित्रांनो, माझ्या आत किती वेळा येऊन विरलेली ती ओळ त्या दिवशी पहिल्यांदा उजेडात आली. त्याने ती मोठ्याने वाचली. "शंका: पांढऱ्या आयताखाली एक बटण पूर्ण झाकले गेले आहे. ते हवे आहे का?"

"बघ," मामा म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, त्याला काहीतरी सांगायचंय?"

तेवढ्यात टक असा आवाज झाला. दार तर कुणी उघडले नव्हते. भाच्याच्या आईने खिळ्यावरून किल्ली काढली होती.

"दादा, मान खाली कर."

"आता काय काढून घेतेस?"

"वाक म्हणते ना." नाडी त्याच्या गळ्यात पडली. तिचा आवाज ओला होता, पण शब्द नेहमीचेच कडक. "रोज फोन करायचा. रोज."

"मी करतोच. तूच उचलत नाहीस. आणि ते उद्याच्या डॉक्टरचं काय?"

"करते रद्द."

"बटण आहे का त्याला?" मामाने विचारले, आणि मग मात्र सगळे हसले, रेघ डोळे पुसत पुसत.

भाच्याने नवी स्क्रीन पाठवली आणि मामाच्या वेळा पुन्हा नोंदवून घेतल्या. मग त्याने परिचारिकेकडून दुसऱ्या आजींच्या मुलाचा नंबर घेतला आणि बाहेर जाऊन त्याच्याशी बोलला. ते बोलणे मला ऐकू आले नाही. परत आल्यावर तो एवढेच म्हणाला, "फोन परत देतोय तो आईला."

या गोष्टीला आता बराच काळ लोटला. मी खरोखरच जुना झालो आहे. भाच्याकडे नवा प्रोग्रॅम आला आहे. तो माझ्यासारखी मापे घेत बसत नाही. त्याने असंख्य चित्रे पाहिली आहेत, त्यामुळे चित्राकडे बघून तो अंदाज बांधतो आणि सुरेख कोड लिहून देतो, वर गोड बोलतोही. मी अडखळायचो तिथे तो अडखळत नाही. मला त्याचे कौतुक वाटते आणि काळजीही वाटते, कारण त्याला कधीच शंका आलेली मी पाहिली नाही. कोड लिहायला आता मला कुणी बोलवत नाही. स्क्रीन बाहेर पाठवण्याआधी भाचा तिचे चित्र एकदा माझ्यातून फिरवतो, तेही केवळ माझ्या शंका पाहायला. मग फोन काळा करून तो स्वतः ऐकतो. निदान तसे ठरले आहे. घाईच्या दिवशी हे ठरलेले मागे पडते.

मित्रांनो, माझी मागणी फार मोठी नाही. जुन्या वस्तू पुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. मला धूळ बसत नाही. पण जे नको असेल ते काढून टाका, झाकू नका. आणि तुमच्या घरात कुणी म्हणाले, "इथे काहीतरी आहे," तर "मला दिसत नाही" हे त्याचे उत्तर होत नाही. त्याच्या जागी बसा, त्याचा काळोख करून घ्या आणि मग बोट सरकवून पाहा.

हे सांगत असतानाही मी कामात आहे. आज एका नव्या मुलीने काढलेले चित्र माझ्यापुढे आहे. तारखा, यादी, निळे बटण आणि कोपऱ्यात एक पांढरा आयत. त्याचे नाव 'तात्पुरतं'. त्याच्या खाली काहीतरी आहे. मी शंका लिहिली आहे. ती स्क्रीनवर आहे, पण भाचा पाठमोरा उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगतो आहे, "हो हो, पाठवतोच आहे, एका मिनिटात." माझा पंखा जोरात फिरू लागला आहे. रस्त्याच्या दाराबाहेर काठी वाजली. आज रविवार, मामा जेवायला आला. तो उंबऱ्यातच थांबला. गळ्यातली किल्ली त्याच्या सदऱ्याच्या गुंडीवर वाजली.

"भाच्या," तो म्हणाला, "फोन ठेव आधी. कारकून धापा टाकतोय."

फोन टेबलावर ठेवल्याचा आणि माझ्यासमोर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.